एका बैठकीत सगळ्या सह्या

आमच्या वाशीम जिल्ह्यात कुणाला पक्कं बांधकाम करायचं असलं की त्याला वास्तुविशारदाकडे अनेकदा यावं लागे. आधी नकाशावर सही, मग काम सुरू झाल्याचा कागद, आणि शेवटी काम नकाशाप्रमाणे पुरं झाल्याचा दाखला. या शेवटच्या दाखल्यावर सही करण्याआधी आम्ही जागेवर जाऊन बांधकाम पाहायचं, असा नियम. पण धनजकडचा किंवा आसेगावकडचा माणूस एका सहीसाठी बसनं वाशीमला यायचा, आणि मी साइटवर गेलेलो असलो तर तसाच परत जायचा. त्याचा दिवस वाया जायचा. म्हणून मी एक सोय काढली. मालक पहिल्यांदा आला की त्याच बैठकीत सगळ्या कागदांवर सह्या करून द्यायच्या. शेवटच्या दाखल्यावर फक्त तारखेची जागा कोरी सोडायची. बांधून झालं की त्याने ती भरावी.

लोक खूश होते. "सरची सही म्हंजे एस्टीचा पास," एक जण म्हणाला होता, "एकदा काढला का कुठंबी फिरा." आम्ही सगळे हसलो होतो. माझं पाहून इतरांनीही तेच सुरू केलं, आणि काही वर्षांत ती जिल्ह्याची रीत होऊन बसली. ती कुणी सुरू केली हे कुणी विचारत नसे. मीही सांगत नसे, पण मनातून मला तिचा अभिमान होता.

माझ्या हाताखाली बरेच जण शिकले. त्यातला एक मुलगा आसेगावच्या पलीकडच्या एका खेड्यातला. बौद्ध कुटुंब, वडील शाळेत शिपाई, आजोबा आयुष्यभर मजुरी केलेले. त्या गावातून वास्तुविशारद झालेला तो पहिलाच माणूस. त्याची रेघ सुंदर होती. जिना कुठे ठेवला म्हणजे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला सोपा जाईल, याचा तो आधी विचार करायचा आणि मग दर्शनी बाजूकडे वळायचा. नकाशे काढणं त्याला येतच होतं. माझ्याकडून तो शिकला तो धंदा, आणि त्यात ही सह्यांची रीतही आली. एकदा त्याने विचारलं होतं, "सर, न पाहता सही कशी करायची?" मी म्हणालो होतो, "आपण माणूस पाहून सही करतो." तेव्हा हे उत्तर मला फार शहाणपणाचं वाटलं होतं.

पुढे त्याने मंगरूळपीरला झेरॉक्सच्या दुकानावर एक खोली घेऊन पाटी लावली. त्याच सुमाराला मी परिषदेवर गेलो. वास्तुविशारदांची नोंदणी ठेवायची, त्यांच्याविरुद्धच्या तक्रारी ऐकायच्या आणि दोषी ठरलेल्याला ताकीद द्यायची, काही काळ काम बंद करायचं किंवा त्याचं नावच नोंदणीतून काढायचं, हे त्या परिषदेचं काम. बाहेरून ते भारदस्त दिसतं. आत बसल्यावर कळतं की बहुतेक वेळ माणसांचे पडलेले चेहरे पाहण्यात जातो. ज्याच्यावर तक्रार असते तो समोर येऊन बसतो, दिलेला पाण्याचा ग्लास दोन्ही हातांत धरतो आणि पीत नाही.

आम्हाला बांधकामाची चौकशी करायची नसे, हे वाचणाऱ्याने नीट समजून घ्यावं. लोखंड कुणी कमी घातलं, सिमेंटचं काय झालं, हे पोलिसांनी किंवा कोर्टाने पाहावं. आम्ही एवढंच विचारायचो की सही कुणाची, आणि ती करताना त्याने आपलं काम केलं होतं का.

त्या मुलाच्या गावात विहाराला लागून सभागृह बांधायचं ठरलं. गावाने वर्गणी काढली आणि अंगमेहनतही केली. त्याने नकाशे फुकट काढून दिले. गावातले चार जण मंगरूळपीरला त्याच्या खोलीवर गेले तेव्हा त्याने चहा पाजला आणि माझ्या रीतीप्रमाणे एका बैठकीत सगळ्या सह्या केल्या. काम चालू असताना तो दोनदा जागेवर जाऊन आला. पुढचा पोर्च त्यानंतर झाला. ठेकेदाराने तो नकाशात होता त्याहून पुढे काढला आणि आतल्या सळया कमी केल्या. एका दुपारी तो पोर्च खाली आला. सावलीला एक म्हातारी बसली होती. ती वाचली, पण तिचं खुब्याचं हाड मोडलं आणि ती पुन्हा उठून चालली नाही. ठेकेदाराने खिशातून तारीख भरलेला दाखला काढला. नकाशाप्रमाणे काम पूर्ण, खाली वास्तुविशारदाची सही. गावात दोन तट पडले आणि तक्रार परिषदेकडे आली.

चौकशीला आम्ही तिघे होतो. अध्यक्ष बाहेरगावचे. त्यांनी मला विचारलं, "तुमच्या जिल्ह्यातलं प्रकरण आहे. ओळखता का याला?" नियम असा की ज्याचा संबंध असेल त्याने तसं सांगून बाजूला व्हावं. मी म्हणालो, "जिल्ह्यातले सगळेच तोंडओळखीचे असतात." माझ्याकडे त्याने काही वर्षं काम केलं होतं, हे मी सांगितलं नाही. मी स्वतःची समजूत घातली की आपण आत राहिलो तरच त्याला वाचवता येईल. ती समजूत अगदीच खोटी नव्हती. ती पुरती खरी नव्हती, एवढंच.

सुनावणी नागपूरला झाली. तो इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला होता. त्याने काहीच नाकारलं नाही.

"काम सुरू होण्याआधीच काम पूर्ण झाल्याचा दाखला दिलात?" अध्यक्षांनी विचारलं.

"हो सर."

"ही पद्धत तुम्हाला कुणी शिकवली?"

मी समोरच्या कागदांकडे पाहत होतो. तो माझ्याकडे पाहील असं वाटत होतं. त्याने पाहिलं नाही.

"कोनी नाही सर. माझ्याच डोक्यातली."

तो बाहेर गेल्यावर आमच्यासाठी चहा आला. बाकीचे दोघे सौम्य होते. माणूस प्रामाणिक आहे, फुकट काम केलंय, वर्षभर काम बंद ठेवू आणि सोडू, असं त्यांचं मत पडलं. मी मान हलवली असती तरी पुरे होतं. पण एक भीती माझ्या मनात शिरली होती. पुढे कधी कुणी विचारलं की हा शिकला कुठे, तर वर्षभराची सौम्य शिक्षा माझ्या अंगावर येईल. मी म्हणालो, "माझ्या जिल्ह्यातला आहे, म्हणूनच सांगतो. याचं नाव काढा. नाही तर लोक म्हणतील, सांभाळून घेतलं." दुसऱ्या सदस्याने माझ्या निःस्पृहपणाचं कौतुक केलं. अहवाल तसाच गेला आणि त्याचं नाव निघालं.

आणखी एक गोष्ट आहे. ती लिहिली नाही तर या लिहिण्याला अर्थ उरणार नाही. मी जमीनजुमला असलेल्या घरातला. तो माझ्या नात्यातला किंवा जातीतला असता तर चौकशीच्या आधीच त्याचे काका-मामा माझ्या ओट्यावर येऊन बसले असते, आणि ते वाक्य माझ्या तोंडून निघालं नसतं. त्याच्यासाठी कुणी येणार नव्हतं. मला हे त्या वेळी ठाऊक होतं.

आठवड्याभराने तो वाशीमला माझ्याकडे आला. पाटी स्वतःच उतरवून आला होता. मी काही बोलायच्या आत माझ्या पाया पडला. "सर, तुमी आत होते म्हून एवढ्यावर निभावलं. नाही तं ते मले जेलात घालत होते." मी त्याला उठवलं. त्याच क्षणी सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी म्हणालो, "माझ्या ऑफिसात बस. नकाशे तू काढ, सही मी करतो."

तो बसला. कितीतरी वर्षं बसला. आज लोक ज्या इमारती दाखवून मला नमस्कार करतात त्या त्याच्या आहेत. शिरपूरला यात्रेकरूंसाठी बांधलेली छोटी धर्मशाळा, जिच्या ओसरीत भर उन्हाळ्यातही वारा खेळतो, ती त्याची. नाव पुन्हा नोंदवून घेण्यासाठी अर्ज करता येतो. त्याने दोन-तीनदा विषय काढला. "थांब, योग्य वेळ आली की सांगतो," असं मी प्रत्येक वेळी म्हणालो. मी तोवर परिषदेतून बाहेर पडलो होतो. माझा हात थरथरायला लागला होता आणि मला त्याच्या हाताची गरज होती. योग्य वेळ काही मी येऊ दिली नाही.

मागच्या वर्षी त्याची मुलगी वास्तुविशारद झाली. तिची नोंदणी झाली त्या दिवशी तो तिला घेऊन पेढे द्यायला आला.

"सर, इले तुमच्या हाताखाली ठेवा," तो म्हणाला. "मले शिकवलं तसं शिकवा."

मुलगी हसून म्हणाली, "बाबा, तुम्हाला शिकवलं तसं नको. तुम्हाला अजून पार्किंगची जागा सोडता येत नाही."

"आमच्या वक्ताले गाड्या होत्या का गं? बैलं होते. बैलाले कायची पार्किंग?"

तो मोकळा हसत होता. पेढा माझ्या हातात होता. मी तो टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. तोंडओळख म्हणालो ते, बाकीचे दोघे किती शिक्षेवर थांबत होते ते, आणि नाव काढा असं कोण म्हणालं ते.

त्याने टेबलाची कड बोटाने घासली. मग म्हणाला, "मंग इतके वर्स मले इथं कायले बसवलं?"

"सुरुवातीला वाईट वाटलं म्हणून," मी म्हणालो. "मग गरज होती म्हणून."

मुलीने पेढ्यांचा डबा बंद केला. "चला बाबा." जाताना तो दारात थांबेल असं मला वाटलं होतं. तो थांबला नाही.

काही दिवसांनी ती एकटी आली, त्याच्या पट्ट्या आणि पेनं न्यायला. मी माझा जबाब लिहून तयार ठेवला होता. त्या चौकशीत बसण्याचा मला अधिकार नव्हता, ती रीत माझी होती, शिक्षा मी वाढवली, असं स्पष्ट लिहिलं होतं. त्याची एक प्रत परिषदेकडे पाठवल्याचं मी तिला सांगितलं. तिने उभ्यानेच वाचला.

"बाबा म्हणाले, सरांशी नीट बोल. म्हणून नीट बोलून राह्यली," ती म्हणाली. "परिषदेला कळवलं ते ठीक. पण आमच्या गावात लोकांना अजून वाटते की बाबानं ठेकेदाराशी हात मिळवला होता. माझी आजी हेच ऐकत मेली. तिथं कोण सांगन?"

"मी येतो."

"कागद आणू नका. तोंडानं सांगा."

एका रविवारी सकाळी मी गेलो. विहारात वंदना नुकतीच आटोपली होती आणि माणसं अजून बसलेली होती. सभागृहाला आता पुढे टिनाचं छप्पर आहे. तो मागे भिंतीशी उभा होता. मी उभं राहून सांगितलं. सह्यांची रीत माझी होती, ठेकेदाराशी याचा काही संबंध नव्हता, आणि याचं नाव काढा असं मीच म्हणालो. मला वाटलं होतं त्याहून ते लवकर सांगून झालं.

मग पोर्चखाली सापडलेल्या त्या म्हातारीचा मुलगा बोलला. तोही आता साठीकडे झुकलेला. म्हातारी दोन-तीन वर्षांमागे गेली.

"बसा जी अगोदर." मी बसलो. त्याने माझ्याकडे पाणी सरकवलं. "तवा काहून नाही बोलले?"

"भीती वाटली."

"आता नाही वाटत?"

"आता माझ्याकडे जाण्यासारखं काही उरलं नाही."

"तुमचं नाही," तो म्हणाला. "त्याच्यापाशी होतं नं जाण्यासारखं तवा." थोडं थांबून तो मागे भिंतीकडे वळला. "आन आमी तं त्याले आमच्या पोरीच्या लग्नालेबी बोलावलं नाही."

मागून एक बाई म्हणाली, "बोलावलं असतं तं आला असता का तो?" त्यावर दोघं-तिघं बोलू लागले, एकमेकांत, हळू आवाजात. माझ्याकडे कुणी पाहत नव्हतं. मी पाणी प्यालो आणि बाहेर आलो.

तो त्याची मोटरसायकल काढून उभा होता. मला फाट्यावर सोडायला निघाला. फाट्यावर सावली नव्हती, म्हणून गाडी त्याने बंद पडलेल्या पानटपरीच्या आडोशाला लावली आणि बस दिसेपर्यंत थांबला.

"अर्ज पोरगी लिहून राह्यली," तो रस्त्याकडे पाहत म्हणाला. "तुमचा जबाब त्याले जोडाचा का नाही जोडाचा, ते तीच ठरवीन. मी तिले काही सांगितलं नाही."

मी बरं म्हणालो. बस आली. त्याने हात करून ती थांबवली, मी चढल्यावर कंडक्टरला वाशीम म्हणून सांगितलं, आणि गाडी वळवून गावाकडे गेला.