आई आणि रिपोर्ट यांच्यामधली जागा

आई मुदखेडच्या शाळेत मराठी शिकवायची, आणि घरी मीही तिचाच विद्यार्थी. निबंधात कुणाचं बोलणं लिहिताना अवतरणचिन्हं विसरलो की लाल पेनानं गोल करायची. "बोलणं कुठं सुरू झालं, कुठं संपलं, वाचणाऱ्यानं कसं वळखायचं?" अर्धा मार्क हमखास जायचा. एवढ्याशा टिकल्यांसाठी कसला तमाशा, असं मला वाटे.

पुढे लातूरला आलो आणि कॉम्प्युटरला कामं सांगणाऱ्या स्क्रिप्ट लिहून पोट भरू लागलो. माझ्या मुलीसाठी आईचा आवाज मोबाईलवर भरून घेतला होता. पाढे, कविता, मध्येच ताईला कुकर बंद करायला सांगणं. ते सगळं कॉम्प्युटरवर 'आई' नावाच्या फोल्डरमध्ये टाकलं आणि मोबाईलमधून पुसलं. पुढच्याच वर्षी तिला अर्धांगवायू झाला, वाचा गेली. दवाखान्याचे कागद स्कॅन करून शेजारी दुसरं फोल्डर केलं, 'आई रिपोर्ट'.

गेल्या दिवाळीत डिस्क भरली. रिपोर्ट पेन ड्राइव्हवर उतरवले होते, तेव्हा ते फोल्डर उडवायचं ठरवलं. हातानं उडवलं असतं तर दोन सेकंदांचं काम. पण मी पडलो शहाणा. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत स्क्रिप्ट लिहिली. ती कॉपी झालेल्या फोल्डरचं नाव शेलला, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये हुकूम पाळणाऱ्या प्रोग्रामला, देणार आणि शेल ते फोल्डर पुसणार. पायथनच्या लेखी 'आई रिपोर्ट' हे एकच नाव. शेलला मात्र मोकळी जागा दिसली की नाव संपलं असं वाटतं. नाव अखंड ठेवायचं तर ते अवतरणचिन्हांत द्यावं लागतं. मी दिलं नाही. शेलनं दोन नावं वाचली. 'रिपोर्ट' नावाचं फोल्डर नव्हतंच. 'आई' होतं, ते पुसलं गेलं.

रिपोर्ट जागच्या जागी राहिले. मला कळलं आठवड्यानं, तोवर त्याच डिस्कवर ऑफिसचं ढीगभर काम ओतलं होतं. डेटा काढून देणाऱ्या दुकानदारानं दोन दिवस डिस्क ठेवून घेतली आणि नकारार्थी मान हलवली. मी त्याच्यावरच चिडलो, उगीच.

मुदखेडला गेलो तेव्हा ताई म्हणाली, "आवाज आणलास का तिचा? रोज खुणा करून राहिली, मोबाईलकडं." आईनं पाटी ओढून डाव्या हातानं वेडंवाकडं लिहिलं, 'लाव.'

"लातूरलाच राहिलं, आई. पुढच्या खेपेला आणतो," मी म्हणालो. अशा तीन खेपा मी खोटं बोललो. त्याची लाज अजून वाटते.

चौथ्या खेपेला सगळं सांगितलं, ती मोकळी जागा आणि न दिलेली चिन्हंसुद्धा. आईनं पाटी हातानं पुसली. मग लिहिलं, 'अर्धा मार्क गेला.'

ते वाक्य मी मनात तिच्या आवाजात म्हणून बघितलं. तो आवाज मला नीट आठवेना.