नववी ओळ

नाशिकजवळच्या आमच्या शेडमध्ये लहान विमानांची पिस्टन इंजिनं दुरुस्त होत. दुरुस्तीनंतर इंजिन स्टँडवर बसवून आठवडाभर रोज चालवायचं, तपासायचं. कामाच्या याद्या मी लिहायचे. पुस्तिका इंग्रजीत असत. मी त्यांचं एका पानात मराठी करायचे. त्या पानांचा मला अभिमान होता.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, एका मे महिन्यात, टर्बोचार्जर, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा ढकलणारा पंखा, लावलेलं इंजिन आलं. टर्बो इंजिनाच्या तापलेल्या धुराच्या जोरावर फिरतो आणि स्वतःही लालबुंद तापतो. त्याची बेअरिंग सांभाळतं ते वाहतं तेल. चाचणीचं काम सातपूरहून आलेल्या एका मेकॅनिककडे होतं. चाळिशीतला माणूस, आधीचा कारखाना बंद पडलेला, इथे सहा महिन्यांच्या बोलीवर.

सातव्या दिवशी टर्बोचा दांडा बोटाने फिरेना. उघडला, तर आत तेलाचा कोळसा. साहेबांनी यादी मागवली. सातही दिवस प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण होती.

"यादी चोख आहे. म्हणजे यानं खोट्या खुणा केल्या," साहेब म्हणाले. "उद्यापासून येऊ नको म्हणावं."

मेकॅनिक माझ्याकडे वळला. "मॅडम, तुम्ही लिहिलं तसंच केलं. इंजिन बंद केलं, घड्याळ लावून पाच मिनिटं थांबलो, मगच हात लावला."

"बंद केलंस?" दिंडोरीकडचे आमचे फोरमन ओरडले. "अरे, मंद चालू ठेवायचं असतं! लय पळालेला बैल लगीच बांधतो का आपण? चालवतो थोडा."

"माझ्याकडं कुठं बैल, दादा? घरी दूध गार करायचं तर आधी गॅसच बंद करतो."

मी पान वाचलं. नववी ओळ: 'टर्बो पाच मिनिटे थंड होऊ द्यावा.' इंजिन चालू ठेवून, हे कुठेच नव्हतं. मला ते इतकं ठाऊक होतं की लिहायचंच राहिलं. इंजिन बंद होताच तेल थांबलं आणि तापल्या बेअरिंगमध्ये जागीच जळलं.

मी गप्प राहिले असते तरी चाललं असतं.

"साहेब, चूक ओळीत आहे. ओळ माझी आहे."

त्यांनी लेखी मागितलं. मी उभ्यानेच लिहून दिलं. मेकॅनिक कामावर राहिला.

मग नवी ओळ लिहिली: 'इंजिन मंद चालू ठेवून पाच मिनिटे थांबावे, नंतर बंद करावे.' पान फोरमनना न दाखवता आधी त्याच्या हातात दिलं.

"वाचून सांगा, काय कराल?"

त्याने दोनदा वाचलं. "मंद म्हणजे किती, मॅडम?"

मी पेनाचं टोपण पुन्हा काढलं.