खिडक्या बंद, कूलर चालू

सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर सोडून आम्ही गाझियाबादच्या नव्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर राहायला गेलो, तेव्हा घरात एकच जण मनापासून नाराज होतं: आमची पांढरी पॉमेरियन कुत्री. क्वार्टरला अंगण होतं आणि कडुनिंबाखाली तिने स्वतः उकरलेला ओलसर खड्डा होता. इथे मिळालं काय, तर डोक्यावर तापलेली गच्ची आणि माझी व्याख्यानं.

त्या दिवसांत देशाने परदेशी मालासाठी खिडक्या उघडल्या असं वर्तमानपत्रांत रोज छापून यायचं. मी त्याच वर्तमानपत्रांच्या घड्या करून आमच्या खिडक्यांच्या फटी बुजवत होतो. क्वार्टरमधले सगळे उन्हाळे आम्ही पंख्यावर काढलेले. आता आयुष्यातला पहिला कूलर बाल्कनीकडच्या खिडकीत बसवला होता, आणि त्याची गार हवा फुकट बाहेर जावी हे माझ्या पुणेरी मनाला सोसेना.

मे महिन्यात लेकीचा निकाल होता. घर बदललं तरी तिची पहाडगंजची मराठी शाळा आम्ही सोडली नव्हती. निघताना ती म्हणाली, "बाबा, एक खिडकी उघडी ठेवू या ना. तिला घुटन होईल."

"अगं, सगळी थंडी निघून जाईल. फ्रिजचं दार उघडं ठेवतो का आपण?"

"फ्रिजमध्ये आपण कुत्रं ठेवतो का?" बायको म्हणाली.

मी ती खिडकीही बंद केली.

दोन तासांत परतायचं होतं. शाळेतल्या गप्पा, मग यमुनेच्या पुलावर अडकलेली गाडी, असं करत पाच तास झाले. वाटेत मुलगी दर थोड्या वेळाने विचारत होती, "ती ठीक असेल ना?" आणि मी म्हणत होतो, "मजेत असेल. आपल्यापेक्षा थंडीत."

आमची पावलं ओळखून ती एरवी आम्ही दुसऱ्या मजल्यावर असतानाच भुंकायला लागायची. त्या दिवशी दुसरा गेला, तिसरा गेला. आवाज नाही. दाराआड फक्त कूलरची घरघर.

दार उघडलं आणि कुकरचं झाकण काढल्यासारखी वाफ तोंडावर आली. भिंती ओलसर झाल्या होत्या. ती दाराशीच आडवी पडली होती. जीभ लालभडक, तोंडाशी चिकट लाळ, डोळे उघडे पण आमच्याकडे बघत नव्हते.

"बाबा, ती किती हाँफते आहे!" दिल्लीत वाढलेल्या पोरीला धाप हा शब्द माहीत नव्हता. "कूलर तर चालू आहे," एवढंच मी पुन्हा पुन्हा म्हणत होतो.

बायकोने न्हाणीघरातला नळ सोडला आणि हात मागे घेतला. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी चहाला चाललं असतं. माठात तळाशी दोन भांडी पाणी उरलं होतं.

मुलीचं रडणं ऐकून खालच्या मजल्यावरच्या पंजाबी आंटी वर आल्या. एका नजरेत त्यांना सगळं कळलं. "भाईसाब, खिड़कियाँ क्यों बंद कीं? बंद कमरे में कूलर भाप बनाता है! उबाल दिया बेचारी को!" असं म्हणत त्यांनी माझ्या कागदी घड्या ओढून फेकल्या आणि खिडक्या उघडल्या. मी फ्रीझरकडे धावलो. "बर्फ़ नहीं! कूलर की टंकी में पानी है ना? वही डालो!"

मी प्लग काढला, बाल्कनीतून कूलरची जाळी उपसली. टाकीतलं पाणी खरंच गार होतं. मुलगी मगाने काढत होती, बायको कुत्रीच्या पोटावर, मांड्यांत, पंजांवर ओतत होती. मी हातातल्या प्रगतिपुस्तकाने वारा घालत होतो. गणितात किती पडले ते मी तोवर पाहिलंही नव्हतं.

"बाबा, मरणार नाही ना ती?"

मी प्रगतिपुस्तक आणखी जोरात हलवायला लागलो.

तशीच निथळती तिला मुलीच्या मांडीवर ठेवून, गाडीच्या चारही काचा खाली करून आम्ही जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी ताप पाहिला, सलाईन लावलं. "आधा घंटा और होता तो..." म्हणाले आणि वाक्य तिथेच सोडून दिलं. ते वाक्य पुढे कितीतरी दिवस मी मनात पूर्ण करत राहिलो.

संध्याकाळी तिने मान उचलली आणि मुलीचं मनगट चाटलं. माझ्याकडे पाहिलं, पण जीभ आत घेतली. मला ते रास्त वाटलं.

आठवडाभर तिच्या अंगाला कूलरच्या वाळ्याचा वास येत होता. त्यानंतर घर बंद करून निघायचं काम मुलीने माझ्याकडून काढून घेतलं. ती स्वतः खिडक्या उघडायची, पाण्याची दोन भांडी भरायची, एक किल्ली खालच्या आंटींकडे द्यायची. मग सगळे खाली गाडीत बसले की मी काहीतरी विसरल्याचं सांगून चार मजले पुन्हा चढायचो. खिडक्या उघड्याच आहेत हे मला माहीत असायचं. दारामागून भुंकणं ऐकू आलं की मी खाली उतरायचो.