मकसूदभाईंची चूक

५ नोव्हेंबर १९९४ रोजी मकसूदभाईंनी एक जुना घरगुती कॉम्प्युटर २,३५० रुपयांना घेतला. तो टीव्हीला जोडायचा आणि प्रोग्राम कॅसेटवरून भरायचा.

लातूरच्या गंजगोलाईत त्यांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. चूक कबूल करणं त्यांना माहीतच नव्हतं. दुरुस्त केलेला टीव्ही पुन्हा बंद पडला तर गिऱ्हाइकाला म्हणायचे, "टीव्ही ठीक हाय, तुमच्या घरची लाईट खराब हाय."

मी बी.कॉम. होऊन गुरुपादप्पा सरांच्या कोचिंग क्लासमध्ये नुकताच हिशेबाला लागलो होतो. गावाकडचं घर भूकंपात गेलेलं, आईवडील पत्र्याच्या शेडमध्ये, सगळं माझ्या पगारावर. सरांनी मकसूदभाईंना शब्द दिला होता : रविवारी पालकांसमोर कॉम्प्युटरवर गुणवत्ता यादी लावून दाखवा, जूनपासून कॉम्प्युटरची बॅच तुमची.

त्यांनी प्रोग्राम असेंब्ली या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिला. वारंवार लागणाऱ्या ओळींना मिळून 'नोंद' असं एकच नाव दिलं. याला मॅक्रो म्हणतात. 'नोंद'च्या पुढे मुलाचं नाव, स्वल्पविराम आणि गुण एवढंच लिहायचं, बाकीच्या ओळी मशीन स्वतः भरायचं. बानो, नबील, जिक्रा अशी घरातली नावं घालून त्यांनी ते तपासलंही होतं. रविवारी सकाळी खरी नावं मी टाईप केली. हजेरीपटाच्या शिस्तीने : आधी आडनाव, मग स्वल्पविराम, मग नाव.

पालक जमले आणि पडद्यावर चुकाच चुका धावू लागल्या. 'कदम, हरिओम, ७४' या ओळीत मशीनने कदमला नाव धरलं आणि हरिओमला गुण. सबिहा नावाच्या मुलीचं आडनाव पटावर नव्हतं. तिची तेवढी ओळ पार झाली.

"मकसूदभाई, चॅनल बदला!" मागून कोणीतरी ओरडलं. सगळे हसले.

मकसूदभाईंचं बोट सबिहाच्या ओळीवरून वरच्या ओळीवर गेलं, स्वल्पविरामापाशी थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"चूक कोणाची आहे?" सर म्हणाले. "ज्याची असेल त्याने उद्यापासून इथे यायचं नाही."

मी हातातला हजेरीपट मिटला.

"माझी, सर," मकसूदभाई म्हणाले. "मॅक्रो माझा, गलती बी माझीच."

जिन्यात मी त्यांना गाठलं. "भाई, ते स्वल्पविराम मी..."

"दिसलं मला. गप ऱ्हा, मुनीमजी. मला दुकान तरी हाय. तुला काय हाय?"

बॅच दुसऱ्याला गेली. पोरं कितीतरी वर्षं दुकानासमोरून "चॅनल बदला" ओरडत जायची. सरांना मी शेवटपर्यंत काही सांगितलं नाही. त्याच क्लासमधून येत्या मार्चमध्ये मी निवृत्त होतो आहे, आणि गोलाईत गेलो की अजूनही पलीकडच्या बाजूने चालतो.

त्या रविवारसाठीची कोरी कॅसेट मकसूदभाईंनी आणली होती. पैसे मी देतो म्हणालो होतो. ते बावीस रुपये द्यायचे राहिले आहेत.