कशी पडली, करून दाखवा

पौडजवळच्या दवाखान्यात एक्स-रे काढणाऱ्या बाई प्रत्येकाला पडायला लावतात. "कसं पडला? करून दाखवा."

मी बाथरूममध्ये घसरलो असं सांगितलं होतं. त्यांनी फिल्म पाहिली. "सायेब, टाच अशी घसरून मोडत न्हाई. उडी कुटनं मारली?" लवासात फोटोसाठी कठड्यावरून मारली होती. बायकोलाही बाथरूमच सांगितलं होतं आणि ती तिथे शेजारीच उभी होती, त्यामुळे मला या बाईंचा भयंकर राग आला. चष्मा डोक्यावर, आवाज कायम चढा, डॉक्टरांनाही "परत बघा" म्हणून सुनावणार.

परवा पुन्हा गेलो, तर एकजण बायकोला घेऊन आला होता. "गोठ्यात पडली," तोच म्हणाला.

बाईंनी तिची फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. "पाव्हणं, कशी पडली? करून दाखवा."

तो हसत वाकला, तळहात जमिनीला टेकवला.

"असं पडल्यावर मनगट मोडतं. हिचं मनगट चांगलं हाय. मोडलंय ते कोपराच्या खाली, मधोमध, करंगळीच्या बाजूचं हाड."

"तुमचं काम फोटू काढायचं. बाकीचं तुमाला काय करायचंय?"

"फोटूच वाचतीया. भाईर व्हा."

तो हलला नाही. मग बाई त्याच्याकडे पाठ करून दोघांच्या मधे उभ्या राहिल्या. "ताई, आता तू करून दाखव."

तिने बाईंच्या खांद्यावरून नवऱ्याकडे एकदा पाहिलं. मग तो मोडका हात हळूहळू वर उचलला आणि तोंडापुढे आडवा धरला.