बसवंतने ओढलेल्या रेघा

बसवंतचा हात रंगाला चांगला होता, एवढंच त्याच्याबद्दल बरं सांगता येईल. निपाणीत तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. बेंगळुरूत भुयारी रेल्वेचे रूळ सांभाळणाऱ्या टोळीत लागला, यशवंतपूरला आमच्याच गल्लीत बिऱ्हाड केलं आणि गावचा म्हणून माझ्या नवऱ्याच्या, महांतेशच्या, ताटाला ताट लावून जेवला. महांतेश त्याच रेल्वेची गाडी चालवायचा.

रुळाच्या नटावर तिथे पिवळ्या रंगाची सरळ रेघ ओढतात, नटापासून खालच्या पट्टीपर्यंत. नट सैल पडून फिरला की रेघ मोडते आणि तपासणाऱ्याला लांबून कळतं. आधी नट आवळायचा, मगच रेघ. ते काम बसवंतकडे आलं आणि त्याचा त्याला कोण तोरा.

फेब्रुवारीत बोगद्यातल्या वळणावर गाडी घसरली. महांतेश गेला, आणखी आठ माणसं गेली. वेग जास्त होता, चाक खराब होतं किंवा रूळ सरकला होता, अशा तीन शक्यता चौकशी समितीने मांडल्या. पेपरवाल्यांनी वेगाचीच शक्यता उचलली, कारण मेलेला माणूस उलट बोलत नाही. माझ्या मुलीला शाळेत विचारलं गेलं, तुझ्या बाबांनीच मारलं ना सगळ्यांना?

महिन्याने बसवंत आला आणि स्वयंपाकघराच्या दारात बसून रडत सगळं ओकला. अपघाताआधी मोठ्या लोकांची पाहणी होती. टोळीवरचे जयतीर्थ साहेब म्हणाले होते, नट आवळत बसायला वेळ नाही, रेघा तेवढ्या सरळ कर. याने वळणावरच्या मोडलेल्या रेघा पुसल्या आणि नव्या ओढल्या. नटाला हात लावला नाही.

“वैनी, स्वल्प ऐका. पाहणी झाली की आवळणार होतो. राहूनच गेलं.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हे मला काय सांगतोस, समितीला सांग, म्हणून मी त्याला बाहेर काढलं. मग रोज त्याच्या दारात जाऊन उभी राहिले, साऱ्या गल्लीसमोर त्याची लाज काढली. शेवटी तो गेला आणि बोलला.

महांतेश निर्दोष ठरला. साहेबांनी समितीला सांगितलं, असा हुकूम मी दिलाच नाही. लेखी काही नव्हतं. पोलिसांनी एकट्या बसवंतला नेलं.

परवा त्याची बायको अंबूबाई आली. साहेबांचं नाव त्याने तुमच्यापुढे घेतलं होतं, तेवढं कोर्टात सांगा, म्हणाली. पण चौकशी पुन्हा उघडली की साहेबांचा वकील महांतेशच्या वेगाचंच काढणार. शिवाय मी बसवंतला माफ केलेलं नाही, करणारही नाही.

“नाही अंबक्का,” मी म्हणाले, “माझ्यापुढे त्याने कुणाचंच नाव घेतलं नाही.”

ती जिना उतरली. समितीपुढे साहेबही माझ्यासारखेच शांतपणे बोलले असतील.