मायच्या मरणाची साक्ष

"उभी राहा," भरल्या चर्चमध्ये साहेब म्हणाले. मी उभी राहिले, शाळकरी पोर. "तशी नको. बाकावर चढ. सगळ्या मंडळीला दिसू दे."

चढले. फ्रॉक कडेला उसवला होता, तिथं हात धरून.

"हिनं काल काय केलं, माहितीय? आंधी सुटली, घरात कोणी दिसेना, तर ही माझ्या बंगल्यावर रडत आली. म्हणे, माय-बापाला प्रभूनं ढगात नेलं, मी एकटीच मागं राहिली! अरे, हिची माय! केळीच्या चिकानं काळं पडलेलं लुगडं नेसून ढगात!"

मंडळी हसली. पास्टरही हसले. माझी माय दाराजवळ चटईवर होती, आम्ही मजूर तिथंच बसायचो. तीही हसली. काय करणार बिचारी, साहेब हसले होते ना.

आम्ही बऱ्हाणपूरजवळच्या शाहपूरकडचे केळीमजूर. साहेबही आमच्यासारखेच ख्रिस्ती, पण त्यांचं घराणं जुनं, शिकलेलं, बागायतदार. चर्चची जागा त्यांची. म्हणून रविवारी पास्टरांनंतर तेच बोलायचे, आणि बोलायचं एकच. शेवटला काळ आला. कुठं भूकंप झाला, चिन्ह. तापीला पूर आला, चिन्ह. गारा पडल्या, चिन्ह. खरे विश्वासणारे एका क्षणात वर उचलले जातील, बाकीचे इथं दात खात राहतील.

मोठ्यांना हे ऐकून डुलक्या यायच्या. मी मात्र शब्दन्‌शब्द खरा धरायचे. शाळेतून आले, चूल पेटलेली आणि माय नाही, की झालं. गेले सगळे. मी राहिले. त्या आंधीच्या दिवशी माय-बाप साहेबांच्याच बागेत केळींना टेकू लावायला धावले होते. आणि मी साहेबांकडे धावले, कारण एवढा पवित्र माणूस अजून इथंच असेल तर काही झालेलं नाही, असा माझा हिशोब. साहेब झोपाळ्यावर चहा पीत होते. देवा रे, त्यांना बघून केवढा आनंद झाला होता मला!

पुढं मी बऱ्हाणपूरला बुधवारा बाजारात कापडाच्या दुकानात लागले. माय मात्र, बाप वारल्यावरही, साहेबांच्या शेडमध्येच कामाला राहिली. टाक्यात केळीच्या फण्या धुवायच्या, खोक्यात भरायच्या. शेडची मागची भिंत नुसत्या विटा आणि मातीची. सिमेंटचा पत्ता नाही. बायका सांगून थकल्या, "साहेब, भिंत हालते जी." साहेब म्हणायचे, "प्रार्थना करा."

या उन्हाळ्यात आंधी आली. बायका निघाल्या. मुकादम दारात आडवा झाला. "गाडी भरल्याबगर कोणी हालायचं नाही. साहेबाचा हुकूम हाय." भिंत आत पडली. माय परत टाक्याजवळ आली होती.

मी पोचले तेव्हा तिला केळीच्या पानांवर ठेवलं होतं. केसांत माती. आता जरा वारं सुटलं, की दुकानातल्या कापडाच्या थानांमागं मला ती दिसते, टाक्यावर वाकलेली. मी म्हणते, माय, पळ ना वं. ती वर बघत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, दीदी, कपडा दिखाओ.

माती दिल्यावर साहेब आमच्या घरी आले. जन्मात पहिल्यांदा. बाज पुढं केली, बसले नाहीत.

"पोरी, तुझी माय भाग्यवान. प्रभूनं तिला चिन्ह केलं. रविवारी तू साक्ष दे, लोक पश्चात्ताप करतील. आणि सोमवारी पटवारी पंचनाम्याला येतोय. त्यालाही तेच सांग. देवाची करणी."

म्हणजे मायला मारलं प्रभूनं. साहेब मोकळे. मी मान हलवली. त्यांना वाटलं, हो म्हणाली.

आमच्यात साक्षीची रीत आहे. प्रार्थनेनंतर एकेकानं उभं राहायचं, प्रभूनं आपल्या जिंदगीत काय केलं ते सांगायचं. साक्ष चालू असताना कोणी तोंड उघडत नाही. पास्टरसुद्धा नाही. साहेबांनी मला तीच जागा दिली होती.

आज रविवार होता. मी चटईवरून उठले. 

"भिंत साहेबांची होती," मी म्हणाले. "तिच्यात सिमेंट नव्हतं. बायकांनी सांगितलं होतं. माझी माय निघाली होती, तिला निघू दिलं नाही. आंधी प्रभूची असेल. भिंत साहेबांची."

"बस खाली!"

"साक्षीत मधी बोलत नाहीत, साहेब."

तेच खाली बसले.  आमेन कोणी म्हटलं नाही. मायच्या बरोबरीनं शेडमध्ये फण्या धुणाऱ्या बायका जमिनीकडं बघत राहिल्या. उद्या त्यांना त्याच शेडमध्ये जायचंय, मी रागावू कुणावर? मुकादमानं दार उघडून धरलं. बाहेर जा म्हणून. मी गेले.

प्रभू माझा आहे, तो मी साहेबांना देणार नाही. शेवटला काळ यायचा तेव्हा येईल, तिथला न्याय तो करील. पण इथला न्याय त्याच्यावर ढकलून मी घरी बसणार नाही. उद्या पटवारी येतोय. त्याला भिंतीच्या विटा हातात देऊन सांगणार. त्यानं नाही ऐकलं तर शाहपूरचं ठाणं. तिथं नाही ऐकलं तर बऱ्हाणपूरला कलेक्टरचं दार. माझी माय चिन्ह नव्हती. तिला मारलंय, आणि कुणी मारलं ते मी नाव घेऊन सांगणार.